हद्दपारीचा गुन्हा कोणत्या काठावर घडतो? बांगलादेश–म्यानमार प्रकरणाचा अभ्यास

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला भीमा काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरून वाहते. इथे फौजदारी वकिली करणाऱ्याला ‘हद्द’ या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अशील आली होती. नदीपलीकडच्या सासरी मारहाण करून तिला घराबाहेर काढले होते आणि लेकराला घेऊन ती अलीकडे माहेरी आली होती. इथल्या एका पोलीस ठाण्यात ती गेली, तेव्हा तिला सांगण्यात आले की मारहाण तिकडे झाली, हद्द तिकडची, तेव्हा फिर्यादही तिकडेच द्या; म्हणजे ज्या गावातून ती जीव मुठीत धरून निघाली होती, त्याच गावच्या ठाण्यात जाऊन दाद मागा. ती मला म्हणाली, “साहेब, मारलं तिकडं खरं, पन हाकलल्यावर आले हितं. मग हितं काहीच घडलं न्हाई का?”

विधी शाखेचे काही विद्यार्थी शनिवारी संध्याकाळी माझ्या कार्यालयात अभ्यासाला बसतात. यंदा त्यांनी रोहिंग्यांचे, म्हणजे म्यानमारमधून हाकलल्या गेलेल्या मुस्लिम अल्पसंख्याकांचे, प्रकरण निवडले, आणि पहिल्याच बैठकीत एकीने विचारले, “सर, म्यानमार रोम कराराचा सदस्यच नाही, मग हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा त्याच्याशी संबंध येतो कुठे?” त्या अशिलाचा प्रश्न आणि या विद्यार्थिनीचा प्रश्न मुळात एकच आहे असे माझे मत झाले. पुढचे विवेचन त्या मताच्या आधाराने केले आहे.

घटना

२५ ऑगस्ट २०१७ रोजी म्यानमारच्या राखाइन प्रांतात अराकान रोहिंग्या साल्व्हेशन आर्मी या सशस्त्र गटाने सुमारे ३० पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर म्यानमारच्या लष्कराने मौंगडॉ, बुथिडॉंग आणि राथेडॉंग या भागांत ‘सफाई मोहीम’ या नावाने जी कारवाई केली, तिच्यात गावेच्या गावे जाळली गेली, माणसे मारली गेली आणि स्त्रियांवर मोठ्या प्रमाणावर बलात्कार झाले. पुढच्या काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक रोहिंग्या दोन देशांच्या सीमेवरची नाफ नदी आणि डोंगरवाटा ओलांडून बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात अंशतः किंवा पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या गावांची संख्या किमान ३९२ अशी नोंदवली. हे लोक परदेशात पळाले, पण ज्या देशातून पळाले त्या देशानेही १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानंतर त्यांना आपले मानले नव्हते.

या मोठ्या आकड्यांमागची एक घटना वेगळी काढून ठेवतो, कारण अधिकारक्षेत्राची मर्यादा तिच्यामुळे नीट समजते. २ सप्टेंबर २०१७ रोजी इन दिन या किनाऱ्यावरच्या गावात दहा रोहिंग्या पुरुषांना बांधून ठार मारण्यात आले आणि एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. ते दहा जण नदी ओलांडू शकले नाहीत.

चौकट

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांच्या बातम्यांतही तो वारंवार दिसतो. हेगमध्ये दोन वेगळी न्यायालये आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रांचे अंग असून तिथे देश विरुद्ध देश असे दावे चालतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियाने म्यानमारविरुद्ध वंशसंहारविरोधी कराराखाली दाखल केलेला दावा तिथला आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही मात्र १७ जुलै १९९८ रोजी मंजूर झालेल्या आणि १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या रोम कराराने उभी केलेली स्वतंत्र संस्था आहे. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात देश उभा राहत नाही, माणूस उभा राहतो. हा फरक लक्षात आला की ‘म्यानमारवर खटला’ हा शब्दप्रयोग या प्रकरणात चुकीचा आहे हेही लक्षात येते, आणि म्यानमारच्या आक्षेपाचा निम्मा जोर तिथेच ओसरतो.

या न्यायालयाला एखाद्या गुन्ह्याची दखल घेता यावी म्हणून अनेक कुलुपे उघडावी लागतात. गुन्हा वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण या चार प्रकारांत बसला पाहिजे, आणि तो करार त्या देशासाठी लागू झाल्यानंतरच्या काळातला असला पाहिजे. कलम १२ प्रमाणे तो सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा. सदस्य नसलेला देश विशेष घोषणा करून न्यायालयाचा अधिकार मान्य करू शकतो. कलम १३ प्रमाणे प्रकरण न्यायालयापुढे येण्याच्या वाटा तीन आहेत: सदस्य देशाने ते सोपवणे, सुरक्षा परिषदेने सोपवणे, किंवा अभियोक्त्यांनी, म्हणजे या न्यायालयात फिर्यादीची बाजू चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, खंडपीठाच्या परवानगीने स्वतःहून तपास सुरू करणे. सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवले तर भूमी आणि नागरिकत्वाची अट उरत नाही, आणि म्हणूनच सदस्य नसलेल्या सुदानमधील दार्फुरचे प्रकरण २००५ मध्ये आणि लिबियाचे २०११ मध्ये या न्यायालयाकडे येऊ शकले. सीरियाबाबतचा असाच ठराव मात्र मे २०१४ मध्ये रशिया आणि चीनच्या नकाराधिकाराने पडला. म्यानमारबाबत सत्यशोधन मंडळाने शिफारस करूनही परिषदेकडून काही आले नाही.

म्हणजे परिषदेची वाट बंद होती, म्यानमार सदस्य नव्हता आणि संशयित म्यानमारचे नागरिक होते. उरला होता तो बांगलादेश. त्याने २३ मार्च २०१० रोजी करार स्वीकारला होता आणि १ जून २०१० पासून तो त्याला लागू झाला होता. त्याने स्वतः प्रकरण सोपवले नव्हते, पण नदीचा एक काठ त्याचा होता.

६ सप्टेंबर २०१८ चा निर्णय

तत्कालीन अभियोक्त्या फातू बेन्सूदा यांनी ९ एप्रिल २०१८ रोजी तपासाची परवानगी मागण्याआधी फक्त एक प्रश्न न्यायाधीशांपुढे ठेवला: रोहिंग्यांच्या म्यानमारमधून बांगलादेशात झालेल्या हद्दपारीबाबत या न्यायालयाला अधिकार आहे का? अर्जात त्यांनी सीमेपलीकडून झाडलेल्या गोळीचे उदाहरण दिले. चाप एका देशात ओढला जातो, माणूस दुसऱ्या देशात मरतो, आणि गोळी लागेपर्यंत गुन्हा पूर्ण होत नाही.

बहुमताच्या निर्णयाचा गाभा कराराच्या कलम ७ मधील एका तरतुदीच्या वाचनात आहे. त्या तरतुदीत ‘लोकसंख्येची हद्दपारी किंवा सक्तीचे स्थलांतर’ असे शब्द आहेत. न्यायाधीशांनी हे दोन वेगळे गुन्हे मानले. माणसांना देशातल्या देशात हुसकावले तर ते सक्तीचे स्थलांतर होते. त्यांना देशाबाहेर घालवले तर ती हद्दपारी होते. म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली जाणे हा हद्दपारीचा केवळ परिणाम नसून तिचा घटक आहे, आणि तो घटक सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून पुरा होतो. माणूस म्यानमारमधून निघतो आणि बांगलादेशात पाऊल ठेवतो, तेव्हाच तो हद्दपार होतो. गुन्ह्याचा एक घटक सदस्य देशाच्या भूमीवर घडला, की कलम १२ ची अट पुरी होते, असे खंडपीठाने म्हटले.

इथे मराठी भाषा आपल्याला एक मोठी मदत करते, आणि ती विद्यार्थ्यांनीच माझ्या नजरेस आणली. आपण ‘हद्दपार’ म्हणतो तेव्हा हद्द पार झाल्याचे त्या शब्दातच सांगतो. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत दर आठवड्याला दिसणारा ‘तडीपार’ हा शब्द तर नाफच्या काठावर उभा असल्यासारखा आहे, कारण तड म्हणजे काठ. एका काठावरून दुसऱ्या काठावर घालवल्याशिवाय कोणी तडीपार होत नाही. पोलीस कायद्याखालची आपली तडीपारी ही अर्थात वेगळी, कायदेशीर प्रक्रिया आहे आणि तिची या गुन्ह्याशी तुलना होऊ शकत नाही. पण शब्दाची घडण पाहिली तर न्यायाधीशांना कित्येक परिच्छेद खर्चून जे सिद्ध करावे लागले, ते मराठी वाचकाला ऐकताक्षणी पटते.

न्यायमूर्ती मार्क पेरँ द ब्रिशाम्बो यांनी भिन्न मत नोंदवले. त्यांच्या मते एखादे ठोस प्रकरण उभे राहण्याआधीच अधिकाराच्या प्रश्नावर असा निर्णय देणे योग्य नव्हते. त्यांचा आक्षेप वेळेबाबत होता आणि तो मला गंभीर वाटतो, कारण सल्लावजा मते देत बसणारे न्यायालय स्वतःची प्रतिष्ठा कमी करते. तरीही या प्रकरणात बहुमताचीच बाजू बरोबर आहे असे मला वाटते: अधिकारच नसेल तर लाखो लोकांना तपासाच्या आशेवर का ठेवायचे, हे आधी ठरवणे न्याय्य होते.

म्यानमारने खंडपीठापुढे बाजू मांडली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या सरकारने जाहीर निवेदन काढून न्यायालयाचा अधिकार नाकारला. आपण सदस्य नसताना या कराराचे ओझे आपल्यावर कसे टाकता, असा त्याचा मुद्दा होता. करार तिऱ्हाइताला बांधत नाही हे तत्त्व खरे आहे. पण बांगलादेश आपल्या भूमीवर घडलेल्या गुन्ह्यासाठी परक्या नागरिकावरही खटला चालवू शकतो, ही त्याची स्वतःची सत्ता आहे, आणि तीच त्याने करार करून हेगच्या न्यायालयाला वापरायला दिली. जी सत्ता मुळात होती तीच दिली गेली. म्यानमारकडून काहीही काढून घेतले गेले नाही.

आपल्या कायद्यातले साम्य

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९८ आणि १९९ मध्ये, आणि त्याआधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७८ आणि १७९ मध्ये, हेच तत्त्व आहे. गुन्हा अंशतः एका आणि अंशतः दुसऱ्या क्षेत्रात घडला, तर दोन्हीकडची न्यायालये तो चालवू शकतात. कृत्य एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे झाला, तरीही तसेच. सासरच्या छळामुळे घर सोडावे लागलेल्या किंवा हाकलून दिलेल्या स्त्रीला, जिथे तिने आसरा घेतला तिथेही तक्रार करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले. सासरच्या छळाची मानसिक यातना माहेरीही चालू राहते, हा त्यामागचा विचार आहे. माझ्या अशिलाच्या वेळी हा निर्णय हाताशी नव्हता. शिवाय नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा विचार न करता फिर्याद नोंदवून घेण्याची, म्हणजे झिरो एफआयआरची, तरतूदही आता आली आहे.

साम्य इतकेच आणि इथेच थांबवायला हवे. आपल्याकडे केवळ परिणाम पुरतो. हेगच्या न्यायाधीशांनी मात्र गुन्ह्याच्या घटकावर पाय रोवला, परिणामाच्या सैल जमिनीवर नाही. हा सावधपणा मला आवडतो. परिणाम कुठेही पोहोचू शकतो आणि त्या वाटेने गेले तर अधिकाराला सीमाच राहत नाही. आणखी एक फरक आहे तो नकाशाचा. भारताने १९९८ मध्ये मतदानात भाग न घेता तटस्थता पत्करली आणि आजही तो सदस्य नाही, त्यामुळे जे रोहिंग्या थेट भारतात आले त्यांच्या सीमा ओलांडण्याने या न्यायालयाला अधिकार मिळत नाही. तेच कुटुंब, तीच जाळलेली झोपडी, आणि कोणत्या बाजूला पळाले यावर न्यायालयाचे दार उघडते किंवा बंद राहते. एका विद्यार्थ्याने हे ऐकून वही मिटवली आणि बराच वेळ तो बोलला नाही.

इन दिनचे दहा जण

आता त्या दहा जणांकडे येतो. त्यांना मारले गेले ते म्यानमारच्या भूमीवर, आणि मृत्यूसह तो गुन्हा तिथेच पूर्ण झाला. त्याचा कोणताही घटक नाफच्या बांगलादेशकडच्या काठावर आला नाही. म्हणून खून या नावाने, किंवा वंशसंहार या नावाने, हे न्यायालय त्याची दखल बांगलादेशच्या आधाराने घेऊ शकत नाही. निर्णयातले हे सर्वांत कठोर सत्य आहे. जे वाचले आणि पलीकडे पोहोचले, त्यांच्या पोहोचण्याने अधिकार निर्माण झाला. जे मेले, त्यांच्या मरणाने झाला नाही.

पण कायदा इथे पूर्णपणे मुका नाही. हद्दपारी सिद्ध करायची तर लोक स्वेच्छेने गेले नाहीत, त्यांच्यावर जबरदस्ती झाली, हे दाखवावे लागते, आणि ही जबरदस्ती खून, बलात्कार, जाळपोळ अशा कोणत्याही कृत्यांतून होऊ शकते. म्हणजे इन दिनचा खड्डा स्वतंत्र आरोप म्हणून उभा राहत नसला, तरी शेजारच्या गावकऱ्यांनी घरदार टाकून नदी का गाठली याचा पुरावा म्हणून तो न्यायालयात येतो. २०१८ च्या निर्णयाने आणखी दोन दारे किलकिली ठेवली: धर्म किंवा वंशाच्या आधारावर केलेला छळ, जर तो हद्दपारीच्या रूपात झाला असेल, आणि परत येऊ न देण्यातून होणारी अमानुष वागणूक. माझ्या दृष्टीने यातला छळाचा आरोप सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण माणसांना कुणी हाकलले एवढेच नव्हे तर ते रोहिंग्या म्हणून हाकलले गेले हे सांगण्याची जागा फक्त त्यातच आहे.

काळाची हद्दही तितकीच कडक आहे. रोहिंग्यांचे लोंढे १९७८ मध्ये आणि १९९१–९२ मध्येही बांगलादेशात आले होते. १ जून २०१० च्या आधीचे ते सारे या न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे.

देशातले न्यायालय का नाही?

रोम करारानुसार हेगचे न्यायालय पूरक आहे. संबंधित देश स्वतः प्रामाणिकपणे तपास आणि खटला चालवत असेल तर कलम १७ प्रमाणे ते बाजूला राहते. म्यानमारने काहीच केले नाही असे म्हणता येत नाही. इन दिनच्या हत्यांसाठी तिथल्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये सात सैनिकांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्यांची एका वर्षाच्या आतच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सुटका झाली. ही हत्या उजेडात आणणारे दोन पत्रकार मात्र ५०० हून अधिक दिवस तुरुंगात होते. मारणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांनी जास्त काळ कैद भोगली, हे आकडे कलम १७ वरील कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक बोलतात. मे १९३० मध्ये लष्करी कायदा सोसलेल्या या सोलापूर शहरात, बंदूक आणि न्यायासन एकाच हाती गेले की काय होते, हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी.

तपास आणि अर्ज

अभियोक्त्यांनी ४ जुलै २०१९ रोजी तपासाची परवानगी मागितली आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी आधीच्यापेक्षा वेगळ्या खंडपीठाने ती दिली. वर्तनाचा किमान काही भाग सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा, ही कसोटी त्याने कायम ठेवली, आणि बांगलादेशच नव्हे तर इतर सदस्य देशांच्या भूमीवर अंशतः घडलेले संबंधित गुन्हेही तपासाच्या कक्षेत घेतले. न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाने गोळा केलेल्या निवेदनांत पीडितांनी एकमुखाने तपासाची मागणी केली होती. पुढे २७ नोव्हेंबर २०२४ रोजी अभियोक्ता करीम खान यांनी म्यानमारचे तत्कालीन लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांच्याविरुद्ध पकड वॉरंटसाठी अर्ज केला. अर्जातला काळ २५ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०१७ असा आहे, आणि आरोप दोनच आहेत: हद्दपारी आणि छळ. २०१८ मध्ये नदीच्या काठावर आखलेली रेघ अभियोक्त्यांनी जराही ओलांडलेली नाही.

उरलेला वाद

शेवटची बैठक आम्ही एका अशा मुद्द्यावर घालवली ज्यावर आमचे एकमत झाले नाही. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर स्थापन झालेल्या लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने जुलै २०२१ मध्ये कलम १२ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली घोषणा करून १ जुलै २००२ पासूनच्या गुन्ह्यांसाठी या न्यायालयाचा अधिकार म्यानमारच्या वतीने मान्य केला. ही घोषणा देशाची आहे की एका गटाची, यावर सारे अवलंबून आहे. इजिप्तच्या पदच्युत सरकारच्या वतीने २०१३ मध्ये दिलेली अशीच घोषणा स्वीकारली गेली नव्हती, कारण ती देणाऱ्यांच्या हाती त्या देशाचा प्रत्यक्ष ताबा नव्हता. त्या कसोटीने म्यानमारची घोषणाही टिकणार नाही, असे अर्ध्या विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. उरलेल्यांनी दाखवून दिले की संयुक्त राष्ट्रांच्या महासभेतली म्यानमारची जागा उठावानंतर लष्कराच्या प्रतिनिधीकडे गेली नाही आणि तिचा निर्णय वेळोवेळी पुढे ढकलला गेला, शिवाय देशाच्या मोठ्या भागावर लष्कराचाही ताबा उरलेला नाही. मी स्वतः पहिल्या बाजूकडे झुकतो, जरी तसे झुकणे मला जड जाते. कारण ती घोषणा ग्राह्य धरली गेली, तर सीमा ओलांडण्याची अटच लागणार नाही, आणि इन दिनच्या त्या दहा जणांचा खून हा खून म्हणूनच हेगच्या न्यायालयापुढे चालवता येईल.